कांडी संपल्यावर काय होतं? दूरदेशी लेखनसोबती जोडू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

तीन वर्षांपूर्वी मी यंत्रमागावर एक लेख लिहिला होता. आमच्या घरामागच्या कारखान्यातला खडखडाट, त्या आवाजातच लागणारी झोप, वीज गेली की गल्लीवर पडणारी शांतता, असं काहीबाही. ओळखीच्या चाळीसेक जणांना पाठवला. अंगठे आले, जोडलेले हात आले, 'लई भारी' आलं. लेख कुणीतरी पुढे ढकलला असावा, कारण चौथ्या दिवशी न्यू जर्सीतल्या एका अनोळखी बाईंचा दोन ओळींचा मेल आला. 'लेख वाचला. धोट्यातली कांडी संपल्यावर काय होतं? माग आपोआप थांबतो, की विणकराला लक्ष ठेवावं लागतं?'

मला सांगता येईना. (धोटा म्हणजे उभ्या सुतांमधून आडवं सूत इकडून तिकडे नेणारा होडीसारखा तुकडा, कांडी म्हणजे त्यात बसवलेली सुताची गुंडाळी.) सगळं लहानपण कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून गेलेलं, आणि एवढं साधं ठाऊक नाही. शेवटी त्याच कारखान्यात जाऊन उभा राहिलो. साध्या मागावर आडवं सूत संपलं किंवा तुटलं की एक बारीक काटा ते ओळखतो आणि माग बंद पडतो. विणकर धोटा बाहेर काढतो, रिकामी कांडी उपसून भरलेली बसवतो, सुताचं टोक धोट्याच्या भोकातून ओढून घेतो आणि माग पुन्हा सुरू करतो. मी नीट बघेपर्यंत त्यांचं झालंसुद्धा. "एवढ्या मागांवर एकट्यानं लक्ष कसं ठेवता?" असं विचारलं तर ते गृहस्थ म्हणाले, "बघायला कशाला लागतंय? आवाज कमी झाला की कळतंय की."

त्या एका वाक्यावर माझा पुढचा लेख उभा राहिला, आणि आजवर लिहिलेल्यात तोच मला बरा वाटतो. मेल पाठवणाऱ्या बाईंना मी आता ताई म्हणतो. दर महिन्याला एकमेकांचं लिखाण वाचतो. प्रत्यक्ष भेट अजून झालेली नाही.

सोलापुरात लिहिणाऱ्याला वाचक मिळत नाही असं मुळीच नाही. पण गावातला वाचक लेखाच्या आधी आपल्याला ओळखत असतो. त्याला धोटा माहीत, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा माहीत, आपले वडील माहीत. त्यामुळे तो कौतुक करतो, प्रश्न विचारत नाही. हजारो किलोमीटरवरच्या माणसाला यातलं काहीच माहीत नसतं, आणि म्हणून त्याच्याकडून कामाचे प्रश्न येतात. असे चार-पाच लोक आपल्याला कसे मिळतील आणि मिळाल्यावर टिकतील कसे, एवढंच या लेखात सांगणार आहे. लिहायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी आहे. मुरलेल्यांनी चटणीच्या परिच्छेदापाशी उडी मारली तरी चालेल.

शोधायचं कुठे

मराठी लिहिणारे वाटतं त्यापेक्षा जास्त पसरलेले आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. अशी छोटी-मोठी मंडळं शहरोशहरी आहेत, आणि त्यांतली बरीचशी गणपतीला किंवा दिवाळीला स्मरणिका, नाहीतर अंक काढतात. त्यात लिहिणारा माणूस बहुधा तुमच्यासारखाच असतो: दिवसा नोकरी, रात्री दोन पानं, आणि अंक निघाल्यावर 'कुणी वाचलं का' म्हणून वाट बघणं. मॉरिशसमध्ये १९ व्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आहेत. घरात क्रिओल बोलतात, पण गणपती बसवतात, आणि त्यांच्यातले काही जण मराठी शिकून वाचतात. इस्रायलमध्ये बेने इस्रायली, म्हणजे कोकणातून तिकडे गेलेले ज्यू आहेत, त्यांच्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी कोकणातलं मराठी अजून आहे. सुरुवात करायला हे पुरेसं आहे. शिवाय सोलापुरातल्या बहुतेक घरांतलं कुणीतरी आधी पुण्याला हिंजवडीत आणि तिथून पुढे कुठेतरी गेलेलं असतंच. त्याला विचारा, तुझ्या ऑफिसात मराठीत लिहिणारं कुणी आहे का.

मराठीचाच हट्टही नको. आपल्या गावात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी एकाच गल्लीत नांदतात. तुम्हाला घरची म्हणून तेलुगू येत असेल तर हैदराबादच्या लेखकाशी मैत्री करायला पासपोर्टही लागत नाही.

पहिलं पत्र

नवखे लोक सर्वांत जास्त इथेच घसरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मला आठवड्याला एखादं तरी असं पत्र येतं: 'सर, आपलं लेखन अप्रतिम! मीही लिहितो. सोबत माझ्या २७ कविता जोडत आहे, अभिप्राय कळवावा.' हे वाचून मला लगेच कळतं की या माणसानं माझं काही वाचलेलं नाही. कविता मी उघडतही नाही. तुम्हीही उघडणार नाही.

त्याऐवजी असं करा. त्या व्यक्तीचे तीन-चार लेख आधी शांतपणे वाचा. त्यातली एक ओळ, एक प्रसंग, नाहीतर एक शब्द मनात अडकू द्या. अडकलं नाही तर पत्र लिहूच नका, दुसरं कुणी शोधा. अडकलं तर सहा-आठ ओळींचं पत्र पुरे. मी एकदा मेलबर्नच्या एका लेखिकेला लिहिलेलं जसंच्या तसं देतो:

'नमस्कार. मी सोलापूरला राहतो. तुमच्या आजीच्या पेटीवरच्या लेखात पेटी उघडताना आधी डांबरगोळ्यांचा वास येतो आणि मग लुगडं दिसतं, तिथे मी थांबलो. आमच्याकडे चादरींच्या गठ्ठ्याला नव्या सुताचा वास यायचा, तो आठवला. एक विचारू का? पेटीची किल्ली शेवटी कुणाकडे राहिली, ते तुम्ही मुद्दाम सांगितलं नाही का? उत्तराची घाई नाही.'

यात माझं लेखन जोडलेलं नाही. ते तिसऱ्या-चौथ्या पत्रात, तेही त्यांनी विचारलं तरच. 'तुम्ही माझं वाचा, मी तुमचं वाचतो' असा सौदा पहिल्याच दिवशी मांडला की ती देवाणघेवाण होते, आणि त्यात कुणीही मन लावून वाचत नाही.

संबोधनाचं बघा. समोरच्यानं 'अरे-तुरे चालेल' म्हणेपर्यंत तुम्हीच. आणि सोलापुरी प्रेम जपून वापरा. या मेलबर्नच्या बाई वर्षभरात चांगल्या मैत्रीण झाल्या, वयानं माझ्याच एवढ्या, म्हणून एकदा सहज लिहून गेलो, 'काय करूलालास बे?' दोन दिवस शुकशुकाट. त्या पुण्याच्या सदाशिव पेठेत वाढलेल्या. 'बे' ऐकून त्यांना वाटलं मी भांडण काढतोय. नंतर मी समजावलं, त्यावर त्यांनी या शब्दाचा अर्थ, वापर, कुणाला म्हणायचं, कुणाला नाही, असे नऊ प्रश्न विचारले. मला चारांचीच उत्तरं देता आली.

अक्षरं पोचली पाहिजेत

हे रुक्ष आहे, पण करा. आपल्याकडे छपाईच्या दुकानांत अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून देतात. ती फाइल दूरच्या माणसाच्या संगणकावर उघडली की चौकोन आणि इंग्रजी अक्षरांचा चुराडा दिसतो. नेहमी युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर तशीच दिसतील अशा अक्षरांत, टाइप करा. फोनवरचा मराठी कीबोर्ड युनिकोडच लिहितो. लेख मेलमध्ये थेट चिकटवा आणि सोबत पीडीएफ जोडा. मॉरिशसच्या वाचकासारखा कुणी हळू वाचणारा असेल तर लेख मोठ्यानं वाचून आवाज पाठवा. माझ्या एका मित्राला माझं लिखाण तसंच लागतं. रिक्षाचे हॉर्न मागे येतात ते त्याला जास्त आवडतात, असा मला संशय आहे.

घड्याळ

सोबत्यांशी महिन्यातून एकदा तरी बोला. नुसत्या पत्रांवर मैत्री चालते, पण आवाज ऐकला की पुढचं पत्र मोकळं होतं. वेळ मात्र आधी जुळवून घ्या. मॉरिशस आणि दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहेत, बारा महिने तेवढेच. न्यू जर्सी उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे आणि हिवाळ्यात साडेदहा, कारण तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. लंडन उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच, पण त्यांचा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मेलबर्न, सिडनी आपल्या पुढे: साडेचार, त्यांच्या उन्हाळ्यात साडेपाच.

सगळ्यांना सोसेल अशी वेळ म्हणून आम्ही सोलापूरची सकाळ साडेसहा धरली. जर्सीच्या ताईंचे रात्रीचे नऊ वाजतात (हिवाळ्यात आठ), मेलबर्नचे अकरा. मॉरिशसच्या दोस्ताला पहाटे पाचला उठावं लागतं, तो कुरकुरत उठतो. मार्चमध्ये एकदा घोळ झाला होता. अमेरिकेचं घड्याळ बदललेलं, मेलबर्नचं अजून नाही, आणि मी आपला साडेसहाला एकटाच चहा घेऊन फोनसमोर. तेव्हापासून भेटीच्या आदल्या रात्री 'उद्या, भारताची साडेसहा' असा निरोप टाकतो.

वाचायचं कसं

कुणी कच्चा लेख पाठवला की पहिला प्रश्न हाच: 'नुसतं वाचू, कुठे कंटाळलो ते सांगू, की शुद्धलेखनासकट बघू?' हे न विचारता लाल पेन काढणारे लोक मी पाहिलेत. माझ्याच हातून हे पाप झालंय. एका मैत्रिणीनं वडील गेल्यावर महिन्याभरात लिहिलेलं पाठवलं आणि मी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून परत केलं. तिला ते फक्त कुणीतरी वाचायला हवं होतं. पुढचे सहा महिने तिनं काही पाठवलं नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

प्रोत्साहन म्हणजे गोड बोलणं असा एक समज आहे. 'छान' हा शब्द फुकट मिळतो, म्हणून तो टिकत नाही. त्याऐवजी जागा दाखवा. 'दुसऱ्या परिच्छेदात आत्या पाट सरकवते, तिथे मला आत्या दिसली.' हे एक वाक्य लेखकाला आठवडाभर पुरतं. त्याला कळतं, काय चालतंय. चुकलेलं सांगायचं तर तुमच्या वाचनाचं सांगा, लेखकाचं नको: 'शेवटी मला घाई झाल्यासारखी वाटली' असं. 'शेवट फसलाय' हे तुम्हाला कसं ठाऊक? कदाचित तुम्हीच घाईत वाचलं असेल.

आणि कांडीसारखे प्रश्न विचारा. लेखात जे वापरलंय पण सांगितलेलं नाही, ते. वस्तूचं नाव, कामाचा क्रम, खोलीत आणखी कोण होतं, पावसाळा होता का. माझ्या अनुभवात दहातले सात प्रश्न वाया जातात. उरलेल्या तिघांतून काहीतरी निघतं.

एकमेकांचं वाचण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं, माधव जूलियन, यशवंत, गिरीश वगैरे कवींचं. ही मंडळी एकत्र बसून एकमेकांना कविता ऐकवत. त्यांच्या कवितेबद्दल मतं काहीही असोत, सगळे मिळून सात-आठच जण होते हे लक्षात घेण्यासारखं आहे. अडीचशे जणांच्या व्हॉट्सअॅप समूहात सकाळी फुलं येतात, दुपारी राजकारण येतं, लेखाला कुणी हात लावत नाही. चार-पाच जण बास.

नुसतं सोबत बसून लिहिण्याचाही उपयोग होतो. १९९९ साली अमेरिकेत २१ जणांनी महिन्याभरात कादंबरी लिहायची पैज लावली, त्यातून ५०,००० शब्दांचा 'नॅनोरायमो' उपक्रम जगभर पसरला. तो चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली, पण ती सवय लोकांनी ठेवली. आम्ही एवढे शब्द कधीच केले नाहीत. व्हिडिओ कॉल लावायचा, बोलायचं नाही, चाळीस मिनिटं आपापलं लिहायचं. मधेच कुणाची शिट्टी वाजते, कुणाचं मूल डोकावतं. आळशी माणसाला यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही, आणि मी आळशी आहे.

रुसवे, गप्पपणा, मत्सर

कुणी अचानक गप्प झालं तर एकदा विचारा. 'सगळं ठीक ना? लेखाचं सोडा.' मग थांबा. लोकांच्या घरी आजारपणं असतात, नोकऱ्या जातात. माझा एक सोबती १४ महिन्यांनी परतला आणि जणू काल बोललो अशा थाटात लेख पाठवला. मी वाचला.

मत्सर होणारच. गेल्या दिवाळीला एका अंकानं माझी कथा साभार परत केली, आणि त्याच अंकात मेलबर्नच्या मैत्रिणीची छापली. दोन दिवस मी तिचा निरोप उघडला नाही. तिसऱ्या दिवशी कथा वाचली. चांगली होती, हे जास्त लागलं. कुठली जागा आवडली ते तिला कळवलं, आणि तिनं माझी परत आलेली कथा मागून घेतली. तुम्हाला यापेक्षा मोठं मन असेल तर उत्तम. नसेल तर दोन दिवसांची सूट घ्या, तिसऱ्या दिवशी मात्र वाचा.

दिलेला शब्द पाळता येत नसेल तर लगेच कळवा. 'या महिन्यात जमणार नाही' यात अपमान नाही. 'वाचतोय, वाचतोय' म्हणत दोन महिने लोंबकळत ठेवण्यात आहे.

चोरी आणि पैसे

'माझं लेखन चोरलं तर?' हा प्रश्न नवखे हमखास विचारतात. भारतात लिहिल्याक्षणीच हक्क तुमचा असतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. बर्न करारामुळे इतर सभासद देशांतही तो मानला जातो, आणि आपला देश त्यात १९२८ पासून आहे. मेलनं पाठवलेल्या मसुद्यावर तारीख आपोआप पडते, तेवढा पुरावा जपा. तुमच्या बाजूनं एकच नियम: सोबत्याचा कच्चा मसुदा त्याला न विचारता पुढे पाठवायचा नाही. बायकोलासुद्धा नाही. (हा नियम मी मोडलेला आहे.)

पैशांबाबत मात्र ढिलाई नको. काही महिने गोड गोड वाचणारा परदेशी 'मित्र' एक दिवस सांगतो की तुमच्यासाठी भेट पाठवली आहे, ती कस्टम्समध्ये अडकली, अमुक रुपये भरा. भेट नसते, कस्टम्सचा फोन खोटा असतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की रक्कम अडवणं अवघड होतं. हा आकडा सोलापूरकरानं विसरायचं कारण नाही. आपल्या गावात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला ते साल तेच.

भेट झाली तर

कधीतरी सोबती भारतात येतो आणि म्हणतो, एक दिवस सोलापूरला येतो. शक्यतो थंडीत बोलवा. मे महिन्यात आणलंत तर मैत्री टिकेल, पाहुणा टिकणार नाही. संक्रांतीच्या सुमारास आला तर सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, सात नंदीध्वज आणि त्यामागे लोटलेलं गाव. हुरड्याचे दिवस असतील तर आणखी चांगलं. त्यानं तुमच्या लेखात वाचलेल्या जागा दाखवा, पर्यटनस्थळं नंतर. माझा पहिला पाहुणा मॉरिशसचा दोस्त. त्याला तलाव नको होता, माग बघायचा होता. आम्ही त्याच कारखान्यात गेलो. त्यानं भरलेली कांडी हातात घेऊन बराच वेळ फिरवली आणि म्हणाला, "एवढीशीच?" मी तीन लेखांत तिचा आकार कधी सांगितलाच नव्हता.

तिथून भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकावर नेलं. १९१० ला इथे जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून चीनला गेला, चिनी शिकला, तिथेच लग्न केलं, आणि १९४२ मध्ये अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच गेला. दोस्तानं विचारलं, "घरच्यांना पत्रं कुठल्या भाषेत लिहायचे?" आता हे शोधायला हवं.

आता चटणी. शेंगाचटणी आणि कडक भाकरी दिल्याशिवाय पाहुणा पाठवायचा नाही, हे मी सांगायला नको. चटणी दुहेरी पिशवीत बांधा, तेल सुटतं. ऑस्ट्रेलियाला जाणारा असेल तर त्याला विमानतळावर उतरल्यावर खाद्यपदार्थ जाहीर करायला सांगा, ते फार कडक आहेत. अमेरिकेला जाणाऱ्याची चटणी मोठ्या बॅगेत घालायला लावा. हातातल्या सामानात ३५० मिलीपेक्षा जास्त पूड असेल तर अडवतात, आणि शेंगाचटणी ही पूड नव्हे हे त्या अधिकाऱ्याला पटवून देणं तुम्हाला जमणार नाही. जर्सीच्या ताई पुढच्या जानेवारीत येताहेत. त्यांच्यासाठी मी दोन किलो सांगून ठेवली आहे, आणि कारखान्यातल्या त्या गृहस्थांनाही.